तुझ्यासमोर नाही

“त्यांना विचारा, जीव नकोसा वाटतो का,” डॉक्टर म्हणाले.

ते माझ्याकडे बघून म्हणाले. आई शेजारच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि डॉक्टरांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मी तिच्याकडे वळले आणि हातांनी तोच प्रश्न विचारला.

माझी आई, मालन रेळेकर, जन्मापासून ऐकू शकत नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही ऐकू यायचं नाही. आमच्या घरात सगळं बोलणं हातांनी चालायचं, भांडणंसुद्धा. ऐकणारी मी एकटी. त्यामुळे मी बोलायला लागले तेव्हापासून दुकानदार, शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब, सगळ्यांशी आईअण्णांचं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. आई जे हातांनी बोलली ते मी इथं शब्दांत लिहितेय, दुसरा इलाज नाही. पण ते हात होते.

आईनं माझा प्रश्न बघितला. एकदा डॉक्टरांकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

“हे मी तुझ्यासमोर सांगणार नाही,” ती म्हणाली.

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझ्यासमोर सांगणार नाही म्हणते.”

“मग कोणासमोर?”

मी आईला विचारलं. तिनं बोट डॉक्टरांकडे केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि मला हातानंच दार दाखवलं.

डॉक्टर हसले. वाईट नव्हते ते. “अहो, पण तुम्ही बाहेर गेलात तर मला कळणार कसं?” त्यांनी झोपेच्या आणि मन हलकं करायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि उठता उठता म्हणाले, “गोळ्या अर्धं काम करतील. कोणाशी तरी मोकळं बोलणं व्हायला हवं. एखादा काउन्सेलर शोधा इथलाच, दर आठवड्याला जाता येईल असा.”

सांगलीतली ही गोष्ट आहे, तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. व्हिडिओ कॉल अजून घरोघर आले नव्हते. अण्णा त्या उन्हाळ्यात अचानक गेले होते. दोघांचं मिळून गावभागात फॉल-पिकोचं दुकान होतं. अण्णा गेल्यावर आईनं शटर खाली ओढलं ते परत उघडलंच नाही. आधी तिचं जेवण कमी झालं, मग झोप गेली. मग बोलणं गेलं. मी रक्त तपासायच्या लॅबमधल्या नोकरीवरून घरी यायचे, तर ती पलंगाच्या कडेला बसलेली असायची आणि हात मांडीवर पडलेले. ज्या बाईचे हात भाजी चिरतानाही गप्प बसायचे नाहीत, तिचे हात.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रिक्षा स्टँडपाशी मी तिला थांबवलं.

“माझ्यासमोर का नाही?”

“तुला सांगायचं असतं तर घरीच सांगितलं असतं.”

“मी तुझी मुलगी आहे.”

“म्हणूनच,” आई म्हणाली, आणि रिक्षात जाऊन बसली.

* * *

मी शोधायला लागले. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या जिन्यात बसून फोन करायचे. पहिल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काही हरकत नाही, घरचं कोणीतरी सोबत आणा म्हणजे झालं.” मी म्हटलं, घरचं कोणी नकोय हीच तर अडचण आहे. “मग कसं हो?” त्या म्हणाल्या.

दुसरे गृहस्थ म्हणाले, लिहून बोलू. आईला घेऊन गेले. त्यांनी कागदावर लांबलचक सुबक प्रश्न लिहिला. आईनं तो दोनदा वाचला. तिची भाषा हातांची. मराठी तिला शाळेत तुकड्या-तुकड्यांत शिकवलेली, आम्हाला इंग्रजी येतं तशी. तिनं खाली लिहिलं, ‘मी रात्र झोप नाही. नवरा गेले.’ मग पेन खाली ठेवलं. गृहस्थ पुढचा प्रश्न मोठ्या आवाजात विचारायला लागले, जणू आवाज चढवला की कानात शिरेल. आई उठली.

तिसऱ्या बाई मूकबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि आता समुपदेशन करायच्या. मला वाटलं, सापडलं. आईला त्यांचा फोटो दाखवला.

“ही?” आई म्हणाली. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि मनगटं एकमेकांवर ठेवून उभी राहिली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आईच्या लहानपणी त्या बाईंच्या शाळेत मुलांनी ओठ हलवून बोलावं म्हणून हातांनी बोलणं बंद केलेलं असायचं, आणि कोणी बोललं तर हात मागं बांधायचे. मी फोटो बंद केला.

कोल्हापूरचे एक दुभाषे होते. दोन्ही भाषा उत्तम. पण ते अण्णांच्या कर्णबधिर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला असायचे.

“चांगला माणूस आहे,” आई म्हणाली. “पण मंडळात सगळे त्याचे दोस्त. उद्या सगळ्यांच्या हातावर माझंच नाव.”

“तो सांगणार नाही कोणाला.”

“नाही सांगणार. पण त्याला माहीत असेल. मी मंडळात गेले की तो माझ्याकडे बघेल, आणि त्याला माहीत असेल.”

मी यादीतून त्यांचाही नंबर खोडला.

रविवारी मामा आला. दिनकरमामा, आईचा धाकटा भाऊ, इस्लामपूरला असतो. मनानं चांगला. येताना फणसपोळी, शेंगा, काही ना काही आणणार. आईच्या पुढ्यात पिशवी ठेवून त्यानं हाताचा घास तोंडाकडे नेला, जेवलीस का म्हणून. आईनं मान हलवली. झालं त्यांचं बोलणं.

“चारू, मी ठरवलंय,” तो मला म्हणाला. “दिवाळी झाली की अक्काला घेऊन जातो इस्लामपूरला. दुकानाची जागा सोडून टाकू. तू उद्या लग्न करून जाशील, मग हिचं कसं? ऐकू येत नाही, गॅस चालू राहिला तर? कोणी दार वाजवलं तर?”

“मामा, तिला आधी बरं वाटू दे. मी काउन्सेलर शोधतेय.”

“ते काय असतं?”

“बोलायला. मनातलं.”

“बोलायला परकी बाई कशाला लागतीय? आम्ही काय मेलोय? आणि बोलणार कशी?” तो खरोखरच गोंधळला होता. आई आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. थोडं तिला कळत असावं, ‘इस्लामपूर’ तर नक्कीच. तिनं मला काही विचारलं नाही. उठून आत गेली आणि पलंगावर अण्णा झोपायचे त्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचे बारा वाजले होते.

* * *

मिरजेच्या बाईंचं नाव मला लॅबमधल्या मॅडमनी सांगितलं. रेहाना मुजावर. स्टेशन रोडला चष्म्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. एव्हाना आईला उगाच फरफटत न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून आधी एकटीच गेले.

चाळिशीच्या, ठेंगण्या बाई. पंखा मोठ्यानं करकरत होता, तो त्यांनी बंद केला आणि म्हणाल्या, “बोला.”

“तुम्हाला खुणांची भाषा येते का?”

“नाही.”

मी पर्स उचलली.

“बसा की. कोणासाठी?”

मी सांगितलं. डॉक्टरांपासून कोल्हापूरच्या दुभाष्यापर्यंत सगळं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “मला येत नाही. पण त्यांना येते ना?”

“म्हणजे?”

“आमच्या दोघींतल्या एकीला भाषा येते. दुसरी शिकेल. त्या शिकवतील का?”

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली. “त्याला वेळ लागेल खूप.”

“लागेल. तोवर चित्रं काढू, तोडकं-मोडकं लिहू, हातवारे करू. माझ्याकडे इथं लोक येतात, ऐकू येणारे, बोलता येणारे. चार-चार महिने कामाचं काही बोलत नाहीत. तुमच्या आईला तर बोलायचं आहे. एकटीनं बोलायचं आहे, एवढं नीट सांगितलंय त्यांनी. माझं निम्मं काम त्यांनीच केलंय.” मग त्यांचा चेहरा बदलला. “पण डॉक्टरांनी विचारलं त्या एका प्रश्नासाठी मी थांबू शकत नाही. तो पहिल्या दिवशीच विचारावा लागेल. आणि तो तुमच्या हातांनी नको. मला शिकवा.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

आणि मी त्या खोलीत उभी राहून एका अनोळखी बाईला, माझ्या आईला जगणं नको वाटतं का, हे विचारायला शिकवलं. त्यांची बोटं एकमेकांत अडकत होती. एकदा जमलं, पण मी मान हलवली.

“हात बरोबर आहेत. पण भुवया वर गेल्या पाहिजेत. नाहीतर तो प्रश्न होत नाही. ‘तुम्हाला जगणं नको आहे’ असं नुसतं सांगितल्यासारखं होतं.”

“अरे बापरे,” रेहानाताई म्हणाल्या, आणि भुवया उचलून पुन्हा पहिल्यापासून करायला लागल्या. परत. परत. पुढचा माणूस बाहेर येऊन बसला होता तरी.

घरी आल्यावर आईला सांगितलं.

“तिला हातांनी बोलता येत नाही,” मी म्हटलं.

“मग?”

“शिकणार म्हणते.”

“कोणाकडून?”

“तुझ्याकडून.”

आईनं हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला. “माझ्याकडून? मी काय शाळेतली बाई आहे?”

वेळ मी घेऊन ठेवली होती. मंगळवारी सकाळी मी आवरून बाहेर आले, तर आई दारात उभी होती. अण्णा गेल्यापासून तिनं जुन्या दोन साड्या आलटून-पालटून नेसल्या होत्या. त्या दिवशी तिनं निळी इरकली नेसली होती. मला म्हणाली, “बस चुकेल.”

* * *

रेहानाताईंनी नमस्कार केला, आईला खुर्ची दाखवली आणि मला म्हणाल्या, “तुम्ही बाहेर.”

“फक्त सुरुवातीला थांबते. तुमची ओळख करून देते आणि...”

“ओळख आम्ही करून घेऊ.”

“पण तिला काही कळलं नाही तर?”

“नाही कळलं तर आम्ही दोघी बघू ना. खाली जा, चहा घ्या.”

आईनं माझ्याकडे बघून विचारलं, “काय म्हणते?” माझे हात सवयीनं वर गेले. तेवढ्यात रेहानाताई आमच्या दोघींच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाठ, आईकडे तोंड. त्यांनी दोन्ही हात वर उचलले, आणि मी हळूच दार लावून घेतलं. त्यांच्या भुवया वर गेल्या की नाही, ते मला दिसलं नाही.

खाली चष्म्याच्या दुकानात मालकांनी मला स्टुल दिलं. मी बसले आणि वर छताकडे कान लावून राहिले. बराच वेळ काही नाही. मग धप्प असा आवाज. मग दोनदा, धप्प धप्प. मालक एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होते. त्यांनी वर बघितलं.

“काय चाललंय वर?”

मला ओळखू आलं होतं. आम्ही घरी कोणाचं लक्ष वेधायचं असलं की जमिनीवर पाय आपटतो. हादरा पायांतून कळतो. आई रेहानाताईंचं लक्ष वेधत होती. चूक सुधारत असणार.

“बोलणं चाललंय,” मी म्हटलं.

तासाभरानं मी वर गेले तेव्हा दार उघडलं. आईचे डोळे सुजले होते आणि पदराचं टोक भिजलं होतं. रेहानाताईंनी तिला खुणेनं, तोडक्या हातांनी, काहीतरी विचारलं. आईनं क्षणभर विचार करून मान हलवली. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.

“त्यांची परवानगी घेऊन एवढंच सांगते. रात्री त्यांच्याजवळ झोपत जा. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. डॉक्टरांशी मी आजच बोलते. बाकीचं मला विचारू नका, त्यांनाही विचारू नका.”

म्हणजे उत्तर ‘हो’ होतं. कधीपासून होतं, कोणास ठाऊक. मी रोज तिच्या हातचा डबा घेऊन लॅबला जात होते आणि उत्तर ‘हो’ होतं.

बसमध्ये आईनं माझा हात तिच्या हातात घेतला. हात धरले की आमचं बोलणं बंद होतं. मिरजेपासून सांगलीपर्यंत तिनं तो सोडला नाही.

* * *

नंतरचे दिवस सरळ गेले असं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती बरी होती, तिसऱ्या आठवड्यात गेलीच नाही. पांघरूण घेऊन पडून राहिली. दुपारी तिच्या मोबाइलवर मेसेज आला. ‘मी वाट बघते. आज नाही तर पुढच्या मंगळवारी. रेहाना.’ आईनं तो मला दाखवला आणि फोन उशाखाली ठेवला. पुढच्या मंगळवारी ती माझ्याआधी तयार होती.

मला राहवायचं नाही. “आज काय झालं?” मी विचारायचेच.

“ते तिथलं,” आई म्हणायची. उजव्या हाताच्या बोटानं लांब कुठंतरी दाखवायची आणि मूठ मिटायची. सुरुवातीला मला त्या मुठीचा राग यायचा. लहानपणापासून या घरात असं काही नव्हतं जे माझ्या हातांतून गेलं नव्हतं. अण्णांच्या पोटाचं दुखणंसुद्धा डॉक्टरांना मी सांगितलं होतं, दुसरीत असताना. आणि आता एक दार होतं, ज्याच्या आत मला प्रवेश नव्हता.

तिथलं ती सांगायची नाही, पण रेहानाताईंबद्दल सांगायची. “तिचे हात अजून बोबडे आहेत.” “आज तिनं ‘आठवण’ म्हणायच्या जागी ‘वांगं’ म्हटलं.” एकदा म्हणाली, “ती पुण्याहून कुठलंसं पुस्तक मागवून शिकतेय. पुस्तकातली खूण वेगळी, आपली वेगळी. मी म्हटलं, माझ्याशी बोलायचं तर माझी खूण.” हे सांगताना ती कणीक मळत होती आणि दर वाक्याला पिठाचे हात वर काढत होती. भिंतीवर पीठ उडत होतं. मी ते उडू दिलं.

मग ती एकटी जायला लागली. सिटी बसनं, मिरजेला, एकटी. पहिल्यांदा गेली तेव्हा लॅबमध्ये माझ्या हातून एक नळी फुटली. ती साडेपाचला घरी आली, हातात पेरू. म्हणाली, “कंडक्टरला तिकिटाचं बोटांनी दाखवलं. त्यात काय आहे?”

दिवाळी आली. भाऊबीजेला आम्ही इस्लामपूरला गेलो, तेव्हा मामानं परत विषय काढला नाही. मला वाटलं, विसरला. तो विसरला नव्हता. पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. मागं दोन हमाल, पुढं मामा.

“कपाट आणि पलंग आज नेतो,” तो घरात शिरत म्हणाला. “शिलाई मशिनं नंतर. मामीनं अक्काची खोली रंगवून घेतलीय. चारू, तिला नीट समजावून सांग.”

हमालांनी पलंगावरची गादी गुंडाळली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं गादी बघितली, दारातला टेम्पो बघितला, मामाकडे बघितलं. मामानं प्रेमानं मान हलवली आणि हातानं ‘चल’ केलं.

आईनं पाय आपटला.

असा आपटला की हमाल थबकले. फळीवरचा तांब्या खाली आला. मामानं दचकून तिच्याकडे बघितलं.

“चारू, इकडं उभी राहा,” आई मला म्हणाली. “माझ्या शेजारी. त्याच्याकडे तोंड करून. आता माझं बोलायचं. एक शब्द गाळायचा नाही. गोड करायचा नाही.”

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिचे हात सुरू झाले, आणि त्यांच्यामागून माझा आवाज.

“दिनकर, मी तुझी मोठी बहीण आहे. तुला कडेवर घेऊन मी फिरले. तुला चालायला मी शिकवलं.”

मामा माझ्याकडे बघत होता. आईनं त्याच्या हनुवटीला हात लावला आणि तोंड स्वतःकडे वळवलं.

“माझ्याकडे बघ. आवाज तिचा आहे, बोलतेय मी. तू आल्यावर मला विचारतोस, जेवलीस का. निघताना म्हणतोस, जाऊ का. एवढ्या वर्षांत तुला माझ्या चार खुणा आल्या. जेव, झोप, ये, जा. इस्लामपूरला तुझ्या घरी मी पोटभर जेवेन. मऊ गादीवर झोपेन. आणि दिवसभर त्या चार शब्दांत राहीन.”

“अक्का...” मामा म्हणाला.

“थांब. संपलं नाही. ते गेले, तेव्हा सगळे म्हणाले, मालनचा आधार गेला. माझा नवरा गेला, ते तर झालंच. पण माझ्या बरोबरीचं बोलणारं माणूसही गेलं. रात्री दिवा मालवेपर्यंत आम्ही बोलायचो. नंतर चारू होती. पण लेकीला सगळं सांगता येत नाही. म्हणून मी गप्प झाले. तुम्हाला वाटलं, मी आजारी आहे. होते आजारी. इतकी होते की मला मरायचं होतं.”

इथं मी थांबले. आईनं कोपरानं मला ढोसलं. गाळायचं नाही.

“मला मरायचं होतं,” मी म्हटलं. मामा त्या गुंडाळलेल्या गादीवर खाली बसला.

“आता नाही. मिरजेला एक बाई आहे. ती माझी कोणी नाही, जातीची नाही, गोताची नाही. चार महिने झाले नाहीत, तिला तुझ्यापेक्षा जास्त बोलता येतं. कारण तिनं मला विचारलं, शिकवा म्हणून. मी इथंच राहणार. उद्या दुकान उघडणार. चारूचं लग्न झालं तरी मी इथंच राहणार. दारावर दिवा लावून घेईन, बटण दाबलं की आत लागतो तसला. मंडळातल्या सगळ्यांच्या घरी आहे. गॅस मला तुझ्याआधी वासानं कळतो. टेम्पो परत पाठव.”

तिचे हात खाली आले. हमाल भिंतीला टेकून ऐकत होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं गादीचा दोर सोडायला घेतला, कोणी न सांगता. पण मामाच गादीवर बसलेला, त्यामुळे तो त्याच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला.

“मला कोणी शिकवलंच नाही गं,” मामा म्हणाला. कोणाला म्हणाला, कळेना. मग त्यालाच लक्षात आलं असावं. त्यानं आईकडे बघितलं आणि मला म्हणाला, “सांग तिला.”

मी सांगितलं.

“विचारलंस कधी?” आई म्हणाली.

मामानं खाली बघितलं. मग तो उठला, म्हाताऱ्याला म्हणाला, “पसरा गादी,” आणि माझ्याजवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, जरी खालच्या आवाजाची काही गरज नव्हती, “चारू, ती मिरजेची बाई काय शिकवते गं हिला? काय बोलतात दोघी?”

“मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही? हिचं सगळं तर तुझ्याकडूनच...”

“नाही मामा. तिथं मला घेत नाहीत.”

हे बोलताना मला हसू फुटलं. ओठ दाबून थांबवायला गेले, थांबेना. मामा माझ्याकडे बघत राहिला. आईनं विचारलं, काय झालं, आणि मी सांगितल्यावर तीही हसायला लागली, मोठ्यानं, तिच्या त्या चढत जाणाऱ्या आवाजात, जो तिला स्वतःला कधी ऐकू आला नाही. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि आमच्या घरात कोणीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. वर्षभरानं डॉक्टरांनी गोळ्या कमी करत बंद केल्या. मिरजेला मंगळवारी जाणं पुढं महिन्यातून एकदा झालं, मग थांबलं. मी लग्न करून रत्नागिरीला आले. मामाला अजून नीट बोलता येत नाही, पण तो रविवारी आला की आई त्याला समोर बसवते आणि शेंगा सोलता सोलता त्याच्या चुका काढते. रेहानाताईंकडे आता कराडहून, कोल्हापूरहून ऐकू न येणारी माणसं येतात. एकटी येतात, एकटी आत जातात.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. आई आणि मी मिरजेच्या बाजारात डाळिंबं घेत होतो. रस्त्यापलीकडं रेहानाताई दिसल्या. केस पांढरे झालेले, हातात पिशव्या. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात उचलले. मधे रिक्षा, ट्रक, दुचाक्या, कोणाला हाक मारली तर शेजारच्याला ऐकू येणार नाही असा गोंगाट. त्या गोंगाटावरून दोघींचं बोलणं सुरू झालं. रेहानाताईंचे हात सफाईनं चालत होते. आईनं काहीतरी सांगितलं, त्या हसल्या, मग एकदम गंभीर होऊन त्यांनी काहीतरी विचारलं आणि आई उत्तर द्यायला लागली.

मला सगळं दिसलं असतं. मी त्या दोघींकडे पाठ केली आणि फळवाल्याला म्हटलं, “आणखी दोन द्या, चांगली बघून.”